चार तोळे सिस्टीन आणि मामाची मांडी

शहादे,
फाल्गुन वद्य पंचमी, शके १८६१

तीर्थस्वरूप दाजी यांचे सेवेशी,

इंद्रसिंगाचा साष्टांग नमस्कार. (दोन्ही हात जोडले आहेत. उजव्या हाताची तीन बोटं जांभळी दिसतील, पण त्याचं कारण पुढे येईलच.) आपला दमा कसा आहे? पांझरेकाठच्या हवेनं थोडा उतार पडला का? आक्काची कंबर उन्हाळ्यात दुखत नाही असं ती म्हणायची, पण आता कडेवर बाळ आहे, तेव्हा नक्की दुखत असेल. बाळाला दोन दात आल्याचं कळलं. वरचे की खालचे हे मात्र कोणीच लिहीत नाही. मी इथल्या तीन बायकांना विचारलं, तिघींनी तीन तऱ्हा सांगितल्या. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहिण्याची रीत आहे, म्हणून लिहितो.

दाजी, परवा आक्काचं कार्ड आलं. कार्डावर जागा भरपूर होती, तिनं वापरल्या चार ओळी, त्या अशा. आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर, बाळाचं जाऊळ तापीकाठी प्रकाशाला काढायचं ठरलं आहे. मामा म्हणून मांडीवर रायसिंग घेऊन बसेल. तू येण्याची तसदी घेऊ नकोस. लोकांच्या पोरांचे केस उकळणाऱ्याच्या मांडीवर मी माझं पोर देणार नाही. खाली 'तुझी आक्का' असंही नाही, नुसतं 'मीनाबाई'! मी ते कार्ड चार वेळा वाचलं. रायसिंग माझा चुलतभाऊ, माणूस चांगला आहे, शेतीत तर हुशारच आहे. पण दाजी, सख्खा मामा मी आहे! या जगात मला एकच भाचा आहे आणि त्याचं जाऊळ आयुष्यात एकदाच निघणार आहे. ते माझ्या मांडीवर निघावं यापलीकडे मला काही नको. म्हणून जे झालं ते सगळं, एक अक्षर न लपवता लिहितो. आक्काला हे पत्र मोठ्यानं वाचून दाखवा. ती मध्येच उठून चुलीकडे गेली तर तिच्यामागे जाऊन वाचा. केस मी उकळले, हे खरं आहे. पण का उकळले ते ऐका!

दाजी, तुम्ही बांधकाम खात्यातले, म्हणून तुम्हाला हे पटकन कळेल. केस, नख, लोकर, दुधातला चोथा, अंड्यातला बलक, तुरीची डाळ, आपलं रक्त, मांस, बाळाचे ते दोन दात ज्या हिरड्यांतून आले त्या हिरड्या, हे सगळं एकाच जातीच्या विटांचं बांधकाम आहे! त्या विटांना अमिनो आम्लं म्हणतात. वीसबावीस तऱ्हा आहेत फक्त. एवढ्याशा सामानात हत्तीही बांधला आहे आणि बाळही. आणि वीट कशी? मध्ये कार्बनचा एक अणू, त्याला चार हात. एका हातात नायट्रोजनचा गट, तो स्वभावानं अल्कली. दुसऱ्या हातात आम्लाचा गट, तो आंबट. तिसऱ्यात साधा हायड्रोजन. हे तीन हात सगळ्यांचे अगदी सारखे. फरक कुठे? चौथ्या हातात! तिथं कोणी काय धरलं आहे त्यावरून त्याचं नाव, गुण आणि नखरे ठरतात. ग्लायसीन म्हणून एक आहे, ते सर्वांत गरीब, त्याच्या चौथ्या हातातही हायड्रोजनच. पण चवीला गोड! (कॉलेजातल्या मित्रानं पुण्याहून पुडी पाठवली होती. मी जिभेवर ठेवून पाहिलं. ते सरसापासून, म्हणजे जनावरांच्या हाडाकातड्यापासून, काढतात हे त्यानं नंतर कळवलं.) मग एकाचा आंबट हात दुसऱ्याचा अल्कली हात धरतो, धरताना मधून पाण्याचा एक रेणू निसटतो, आणि अशी साखळी शेकड्यांनी लांबत जाते. माणूस म्हणजे काय, तर हात धरून उभी राहिलेली जत्रा! मी हे वर्गात सांगितलं तेव्हा टेबलावर चढलो होतो असं नंतर मुलांनी सांगितलं.

आणखी ऐका. ज्याचे चारही हात निरनिराळे, त्याचे दोन अवतार होऊ शकतात, डाव्या आणि उजव्या चपलेसारखे. सगळं तेच, पण एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही. आणि सजीवांच्या अंगात मिळतो तो एकाच बाजूचा. धुळ्यात, शहाद्यात, विलायतेत, सगळीकडे त्याच एका पायाची चप्पल! का? कोणालाच माहीत नाही. बिचाऱ्या ग्लायसीनला मात्र डावंउजवं नाहीच, त्याच्या दोन हातांत एकच वस्तू. आणि स्वभाव म्हणाल तर, रागावू नका, अगदी तुमचा. आम्लात टाका, ते अल्कलीसारखं वागतं. अल्कलीत टाका, आम्लासारखं. दोन्हींच्या बरोबर मध्ये ठेवा, तर एका अंगाला धन भार, दुसऱ्याला ऋण, बेरीज शून्य. विजेच्या कुठल्याच टोकाकडे जाणार नाही. तुमची आई आणि आक्का यांच्यामध्ये बसलेले तुम्ही मला दिसता. दोन्ही डगरींवर हात, आणि चेहरा शांत. तापवलं तरी सहज वितळत नाही, मिठासारखं अंग धरून राहतं, फार तापवलं तर करपतं. तुम्ही करपल्याचं मात्र मी पाहिलेलं नाही.

तर मला यातलं एक तरी अमिनो आम्ल स्वतःच्या हातानं काढायचं होतं. विकत आणलेलं नको, पुण्याचं नको, इथल्या मातीतलं हवं. आणि त्यातल्या त्यात सोपं ते सिस्टीन, कारण ते केसांत भरपूर असतं. (केस जळताना जो वास येतो तो गंधकाचा, आणि तो गंधक सिस्टीनमधला. दोन अर्धुकं गंधकाच्या दुहेरी कडीनं एकमेकांना धरून असतात.) केस हवेत दोन रतल. शहाद्यातला न्हावी झाडाखाली बसतो आणि कापलेले केस वारा नेतो. मग मला प्रकाशा आठवलं. माघी पौर्णिमेनंतर केदारेश्वराच्या घाटावर केसांचे ढीग असतात. कोणी नवस फेडलेला, कोणी बापाचं दहाव्याचं केलेलं. घाटावर लोटन न्हावी बसतो. मी सायकलवर पोतं टाकून गेलो आणि विचारलं. तो म्हणाला, "लई जा मास्तर, मन्हा घाट साफ व्हई." आणि त्यानं पायानंच सगळा ढीग माझ्या पोत्यात लोटला.

दाजी, इथं माझी चूक झाली, ती मी लपवत नाही. घरी पोतं उपसताना त्यात पिवळ्या फडक्याची एक लहानशी पुरचुंडी निघाली. आत केस होते, इतके बारीक, इतके मऊ, की बोटांना लागतही नव्हते. जाऊळ पोतडीत कोणी टाकत नाही. ते आत्या पदरात झेलते आणि तापीत सोडते. मी खानदेशात जन्मलो आणि वाढलो, मला हे माहीत नाही असं नाही. पण त्या क्षणी मला एवढंच सुचलं की बारीक केस लवकर विरघळतील! फडकं बाजूला टाकलं आणि केस ढिगात मिसळले.

मग चार रविवार. शाळेच्या मागच्या खोलीत स्टोव्ह, त्यावर काचेचा चंबू, चंबूत केस आणि हायड्रोक्लोरिक आम्ल. सकाळपासून दुपारपर्यंत उकळायचं. वासाबद्दल काय लिहू! पहिल्या रविवारी मारवाडी गल्लीतल्या उमरावबाईंनी पापड वाळत घातले होते, ते त्यांनी गाईला घातले, आणि गाईनं ते हुंगून सोडून दिले. केस गेले, काळा काढा उरला. तो नारळाच्या करवंटीच्या कोळशातून गाळला, पाण्यासारखा झाला. मग त्यात सोडियम ॲसिटेट थोडं थोडं घालत गेलो, आम्लाचा जोर उतरत आणत. तुमची ती मधली जागा आली ना, की सिस्टीन पाण्यात राहतच नाही, खाली बसतं! चौथ्या सोमवारी सकाळी बाटली उघडली आणि दाजी, काय सांगू, तळाशी पांढरे शुभ्र स्फटिक! भिंगाखाली धरले तर प्रत्येक स्फटिकाला सहा बाजू, सहाच्या सहा सरळ, कोणी कापून ठेवल्यासारख्या! मी शाळेचा शिपाई दोधू याला मिठी मारली. तो लढाईवर जाऊन आलेला माणूस, त्यानं शांतपणे विचारलं, "मास्तर, हाई खावानं शे का?" चार तोळे भरले. माझ्या हातून आजवर झालेलं हे एकच चांगलं काम.

तिथंच थांबायला हवं होतं. पण अमिनो आम्लांची ओळख पटवायला निनहायड्रिन म्हणून एक औषध असतं. त्याचा थेंब पडला की जांभळा रंग येतो. तेही मित्रानं चिमूटभर पाठवलं होतं. बाजाराच्या दिवशी लोटन मुद्दाम शाळेत आला, केसांचं काय केलं ते पाहायला. मला इतका आनंद झाला की मी त्याला सगळं दाखवलं, बाटल्या हातात दिल्या, आणि त्या भरात निनहायड्रिन दोघांच्याही बोटांना लागलं. आता मौज अशी की माणसाच्या घामातही अमिनो आम्लं असतात! मला हे पुस्तकात वाचून माहीत होतं, लोटनला नव्हतं. तास दोन तासांत, भर बाजारात, कांद्यांच्या ढिगाशी उभ्या असलेल्या लोटनची बोटं जांभळी होऊ लागली. तो धावत शाळेत आला, "मास्तर, मन्हा बोटे पाहा!" मी पाहिली आणि टाळ्या वाजवल्या. वर्गातली मुलंही वाजवू लागली. लोटन मागच्या पावली गेला. दुसऱ्या दिवशी प्रकाशापासून कळसाडीपर्यंत सगळ्यांना माहीत होतं, की शहाद्याचा गिरासे मास्तर पोरांचे केस उकळतो आणि ज्यानं केस दिले त्याची बोटं सडतात. आक्कापर्यंत पोचलं ते हेच.

होळीच्या आदल्या दिवशी कळसाडीची तापीबाई शाळेत आली. कडेवर वर्षाचं पोर, डोकं गुळगुळीत, अंगात ताप. या बाईची आधीची तीन मुलं जगली नाहीत. हे चौथं नवसाचं. त्याचं जाऊळ काढायच्या दिवशी त्याच्या आत्याच्या गाडीचा आस मोडला आणि ती पोचलीच नाही. म्हणून केस पिवळ्या फडक्यात बांधून तापीबाईनं लोटनजवळ ठेवले, आत्या आली की तिच्या हातानं सोड म्हणून. पुढचं तुम्हाला माहीत आहे. लोटननं बोटं जांभळी झाल्यावर तिच्यापाशी सगळं कबूल केलं होतं. मला वाटलं होतं ती शिव्या देईल, मी त्या ऐकून घेतल्या असत्या. ती दारात उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "मास्तर, मन्हा पोऱ्याना केस कोठे शेतस?"

दोधू माझ्या कानाशी लागला, की पोत्याच्या तळाशी मूठभर उरले आहेत, तेच द्या बांधून, काळे ते काळे. दाजी, खरं सांगतो, क्षणभर मलाही ते बरं वाटलं. पण ती ते घेऊन तापीवर जाणार, डोळे मिटणार, आणि मी इथं मुलांना विज्ञान शिकवणार? माझ्यानं होईना. मी बाटली आणून तिच्यासमोर धरली आणि सांगितलं, बाई, तुझ्या मुलाचे केस आता असे झाले आहेत. तिनं बाटली उन्हात धरली, फिरवली, बराच वेळ पाहिली. मग विचारलं, "यामा मन्हा पोऱ्याना कोणता?"

मी एम. ए., पीएच. डी. लोकांची व्याख्यानं ऐकली आहेत, पण असा प्रश्न कोणी विचारलेला नाही. मी तिला सांगितलं, की ओळखता येत नाही. मलाच नव्हे, जगात कोणालाच येत नाही. घाटावर रनाळ्याचा पाटील डोकं करून गेला, नवापूरकडचा मजूर करून गेला, कोणाच्या पाण्याला कोण शिवत नाही अशीही माणसं होती, आणि तुझा पोरगा. सगळ्यांच्या केसांतून निघालं ते हेच, सहा बाजूंचं, एकसारखं. ती म्हणाली, "समदासना एकच?" मी म्हटलं, एकच. तिनं पोराच्या डोक्यावरून हात फिरवला, विचार केला, आणि म्हणाली, "मंग समदाच सोडी देऊत."

आणि दाजी, मी हो म्हटलं. लगेच म्हटलं! माझं एकुलतं एक काम, चार रविवार, चार तोळे, पण ती बाई एका वाक्यात जिथं पोचली होती तिथं मी अख्ख्या पदवीत पोचलो नव्हतो. एकच अट घातली, की आधी दवाखान्यात पोराला क्विनाईन द्यायचं. तिनं ते कबूल केलं. मग तिच्या बैलगाडीतून आम्ही प्रकाशाला गेलो. लोटनही घाटावर होता, बोटांना फडकं गुंडाळून. पोराची आत्या या वेळी वेळेवर आली होती. तिच्या पदरात मी बाटली रिकामी केली आणि तिनं पदर तापीत सोडला.

पण आनंदाच्या भरात मी एक गुणधर्म विसरलो होतो. सिस्टीन साध्या पाण्यात विरघळत नाही! घोटाभर पाण्यात, वाळूवर, सगळे स्फटिक जाऊन बसले आणि उन्हात चमकू लागले. केस असते तर वाहून गेले असते. घाटावरच्या बायका वाकून पाहू लागल्या. तापीबाई घाबरली, "हाई काबरं जाई नही ऱ्हायनं?" आणि मी, मला क्षमा करा, मोठ्यानं ओरडलो, "शुद्ध आहे! म्हणूनच विरघळत नाही!" (पुजारीही बाहेर आले.) मग तापीबाई पाण्यात उतरली, खाली बसली आणि तळहातानं ते प्रवाहाकडे लोटू लागली, थोडं थोडं, घाई न करता. आत्या लोटू लागली, मग लोटन, फडकं सोडून, जांभळ्या बोटांनी. स्फटिक उलटेसुलटे होत चमकत पुढे गेले. शेवटी काही दिसेनासं झालं तेव्हा तापीबाई पोराला म्हणाली, "गये बाप, तुन्हं गये." मी रडलो. वासानं डोळ्यांत पाणी येतं हे कारण त्या वेळी सांगता येत नव्हतं, कारण वास नव्हता. पोराचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला. क्विनाईननं की तापीनं हे मी कोणाला विचारलं नाही, आणि मलाही कोणी विचारलं नाही.

दाजी, हे असं आहे. आता तुम्ही एकदा तरी मधली जागा सोडा आणि माझ्या बाजूनं दोन शब्द बोला. आक्काला सांगा, आखाजीला मी रिकाम्या हातानं येईन. बाटली नाही, पोतं नाही, सायकलही नाही. नदीत अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून बसेन. बाळाचा एकेक केस तिच्या नणंदेच्या पदरात पडेल आणि तिथून तापीत जाईल, मी त्याच्याकडे पाहणारसुद्धा नाही. (पाहीन, पण मामा पाहतो तसा.) बाळास पापे, आक्काला नमस्कार, ती घेणार नसेल तर तुमच्याजवळ ठेवा.

आपला मेहुणा, आणि बाळाचा सख्खा मामा,
इंद्रसिंग

ता. क. लोटनच्या बोटांची कातडी निघाली आणि खाली कोरी बोटं निघाली. आता तो गिऱ्हाइकांना ती दाखवतो आणि म्हणतो, मास्तरनं औषध दिलं.

ता. क. दुसरा. पत्र पाकिटात घालत होतो तोच तापीबाई दारात. मी खुर्चीमागे सरकलो. पण पोर कडेवर खदाखदा हसत होतं. तिनं गाठोडं पुढे केलं. आत कळसाडीच्या सात घरच्या बायकांची गुंतवळ, वेणीफणी करताना निघते ती, घरोघरी वळचणीला साठलेली. म्हणाली, "हाई चालई ना मास्तर? हाई कोनीच मांगाव नही." रतलभर तरी आहे! दोधूनं स्टोव्ह पेटवला आहे. उमरावबाईंना पापड न घालण्याविषयी निरोप गेला.

ता. क. तिसरा. हा आक्काला वाचून दाखवू नका. तिचे केस अजून गुडघ्यापर्यंत आहेत ना? तिची गुंतवळ ती कुठे टाकते? तुम्ही स्वतःसाठी हवी म्हणून मागा, कारण काहीही सांगा, दम्याला लागते म्हणा. माझं नाव निघता कामा नये.

ता. क. चौथा. तिसरा ता. क. रद्द. गुंतवळ नको, काही नको. दाजी, खरी अडचण निराळीच आहे आणि ती विचारायला हे सगळं पत्र लिहिलं. मी आजवर तान्हं मूल मांडीवर घेतलेलं नाही. कार्ड आल्यापासून एक मोठं डांगर, चांगला बाळाएवढा भोपळा, मांडीवर घेऊन बसतो आहे, दोधू समोर बसून त्याच्यावर वस्तऱ्यासारखी पट्टी फिरवतो, आणि माझी मांडी हलत नाही. पण डांगर रडत नाही. बाळ रडलं तर मामानं काय करायचं असतं, एवढं आक्काला विचारून लिहा. तिनं उत्तर दिलं तर मी समजेन, की मांडी माझीच.